गेल्या वेळी लागू पडलेली गोळी

मागच्या अंकात परमा, म्हणजे गोनोरिया, या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाबद्दल मी थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेते आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. माझी नोकरी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे माझी उत्तरं प्रयोगशाळेच्या बाजूने झुकलेली असणार. जंतू तपासूनच औषध द्यावं हे मी इथे परत परत लिहिलं आहे आणि ते मुद्दाम लिहिलं आहे.

प्रश्न : वय ३१, चाकणजवळ कारखान्यात कामाला आहे. चार वर्षांपूर्वी लघवीला जळजळ आणि पू जाण्याचा त्रास झाला होता. तेव्हा मित्राने सांगितलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या घेतल्या आणि बरं वाटलं. दोन महिन्यांपूर्वी पुन्हा तसंच झालं. त्याच गोळ्या पाच दिवस घेतल्या, काही फरक नाही. मग मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन आणून तीन दिवस घेतली. पू कमी झाला, पण सकाळी उठल्यावर चड्डीला डाग दिसतो. गोळ्या डुप्लिकेट होत्या का? आता कोणती घेऊ?

उत्तर : गोळ्या डुप्लिकेट होत्या असं मानायला काही कारण नाही. अस्सल सिप्रोफ्लॉक्सासिननेही तुम्हाला बहुधा गुण आला नसता, कारण आपल्याकडच्या परम्याच्या जंतूवर ते औषध चालेनासं होऊन बराच काळ लोटला आहे.

हे औषध ऐंशीच्या दशकात आलं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं होतं. सुई नाही, एक गोळी घेतली की काम झालं. ते जंतूच्या डीएनएची गुंडाळी सांभाळणाऱ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि जंतूची वाढ थांबवतं. पण त्या प्रथिनातला एखाद-दुसरा दुवा बदलला की औषधाला नीट चिकटताच येत नाही. असे बदललेले जंतू आधी पूर्व आशियात आणि पॅसिफिकच्या पट्ट्यात वाढले. अमेरिकेने २००० मध्ये हवाईत आणि २००२ मध्ये कॅलिफोर्नियात परम्यासाठी हे औषध वापरू नका असं सांगितलं आणि २००७ मध्ये सगळ्या देशासाठीच ते यादीतून काढलं. आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातली प्रयोगशाळा या जंतूवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आहे. नव्वदच्या दशकात तिथे सिप्रोफ्लॉक्सासिनला न जुमानणारे नमुने वाढू लागले आणि पुढच्या दशकात दाद देणारा नमुना सापडणंच दुर्मिळ झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेख-जाळ्यातल्या देशांत २०२४ मध्ये तपासलेल्या नमुन्यांपैकी साधारण ९५ टक्के या औषधाला प्रतिरोधक निघाले.

मग चार वर्षांपूर्वी बरं कसं वाटलं, असं तुम्ही विचाराल. तेव्हा कदाचित दुसऱ्याच जंतूचा त्रास असेल. तपासणी झालेली नाही, त्यामुळे आता ते सांगता येणार नाही. आणखी एक शक्यता आहे. पुरुषांमध्ये परम्याची जळजळ आणि पू काही आठवड्यांत औषधाविनाही ओसरू शकतात, जंतू मात्र आत राहतो आणि जोडीदाराकडे जातो. आपल्याला वाटतं गोळी लागू पडली. मित्राच्या तोंडून मित्राला औषध सांगितलं जातं ते अशाच अनुभवांवर.

अझिथ्रोमायसिनने पू कमी झाला, थांबला नाही. याला तीन कारणं असू शकतात: परम्याचा जंतू अर्धवट दबला असेल, सोबत क्लॅमिडिया या दुसऱ्या लैंगिक रोगाचा संसर्ग असेल (या दोन्हींची जोडी नेहमीची), किंवा उपचार न झालेल्या जोडीदाराकडून संसर्ग पुन्हा आला असेल. कोणतं खरं हे चड्डीवरच्या डागावरून मला तरी सांगता येणार नाही, दुसऱ्या कुणीही सांगू नये. म्हणून ‘आता कोणती घेऊ’ याचं उत्तर असं आहे की आता स्वतःच्या मनाने कोणतीही घेऊ नका.

तुमच्या भागातल्या जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात सुरक्षा क्लिनिक, म्हणजे लैंगिक आजारांसाठीचा सरकारी दवाखाना, असतं. ते कुठे आहे हे १०९७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळेल. तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जाण्याआधी दोन तास लघवी करू नका. आत्तापर्यंत कोणत्या गोळ्या घेतल्या, किती दिवस घेतल्या, ते कागदावर लिहून न्या. रिकामी पाकिटं असतील तर तीच न्या. तोंडावाटे संबंध झाला असेल तर तेही सांगा, कारण मग घशाचाही नमुना घ्यावा लागतो. आणि गोळ्यांनी गुण आला नाही, तेव्हा कल्चर करता येईल का, असं स्पष्ट विचारा.

कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघणं. परम्याचा जंतू अतिशय नाजूक असतो, कापसाच्या बोळ्यावर सुकला की मेलाच. त्यामुळे नमुना घेतल्याबरोबर तो प्लेटवर ओढावा लागतो. प्लेटमध्ये चॉकलेट अगार असतं. त्यात चॉकलेट काही नसतं, तापवून तपकिरी केलेलं रक्त असतं. जिथे यंत्र नाही तिथे आम्ही प्लेटा डब्यात रचून वर एक मेणबत्ती पेटवतो आणि झाकण घट्ट लावतो. ज्योत विझेपर्यंत या जंतूला हवा तेवढा कार्बन डायऑक्साइड आत तयार झालेला असतो. एक-दोन दिवसांत बारीक, करड्या, चकचकीत वसाहती दिसू लागतात. त्यातला जंतू दुसऱ्या प्लेटवर पसरून त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात. औषध लागू असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो आणि तो पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढलेला मी इतक्या वेळा पाहिला आहे की ती चकती ठेवताना निकाल ठाऊकच असायचा.

पीसीआरसारखी तपासणी लवकर होते आणि जंतू आहे की नाही ते नेमकं सांगते. पण कोणतं औषध चालेल हे नेहमीच्या पीसीआरमध्ये कळत नाही. गोळ्या हरल्यावर जंतू वाढवायलाच हवा.

प्रश्न : वय ७६, सांगली जिल्ह्यात दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमच्या काळी परम्याच्या रोग्याला प्रोकेन पेनिसिलिनची सुई दोन्ही कुल्ल्यांवर द्यायचो, बरोबर प्रोबेनेसिडच्या गोळ्या. माणूस बरा व्हायचा. आता हे कोणी देत नाही. इतकी वर्षं वापरलं नाही म्हटल्यावर जंतू ते औषध विसरला नसेल का? पुन्हा सुरू का करत नाहीत?

उत्तर : काका, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे आणि त्याला सविस्तरच उत्तर द्यायला हवं.

तुम्ही दोन्ही बाजूंना सुया देत होतात, यातच गोष्टीचा निम्मा भाग आला. १९४३ मध्ये अमेरिकेत पेनिसिलिनने परम्याचे रोगी बरे केले तेव्हा १ लाख ६० हजार युनिट पुरले होते. पुढे तेवढ्याने भागेना. डोस वाढवत नेला आणि १९७२ पर्यंत अमेरिकेतली शिफारस ४८ लाख युनिटवर पोचली. एवढं औषध एका जागी मावत नाही म्हणून दोन जागी द्यायचं आणि ते लघवीतून लवकर निघून जाऊ नये म्हणून प्रोबेनेसिड. तीस वर्षांत डोस तीसपट झाला. रोगी बरा होत होता, म्हणून कुणाला धोका वाटला नाही. जंतूमध्ये मात्र छोटे छोटे बदल एकावर एक साठत होते.

पेनिसिलिनच्या आधीही हेच घडलं होतं. १९३०च्या दशकात सल्फा औषधं आली, सुरुवातीला उत्तम चालली आणि चाळीसचं दशक संपेपर्यंत प्रयोगशाळेत तपासलेले बहुतेक जंतू त्यांना जुमानेनासे झाले.

१९७६ मध्ये पेनिसिलिनवर मोठा घाव बसला. पेनिसिलिन फोडून टाकणारं विकर (एन्झाइम) बनवणारे जंतू इंग्लंड आणि अमेरिकेत सापडले. काहींचा माग पश्चिम आफ्रिकेकडे लागला, काहींचा आग्नेय आशियाकडे. ही क्षमता प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या एका सुट्या कड्यावर होती आणि असं कडं एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. अशा जंतूपुढे डोस कितीही वाढवला तरी उपयोग नव्हता. १९८५ च्या सुमारास टेट्रासायक्लिनचंही असंच झालं, पुन्हा प्लाझ्मिडमुळेच. स्पेक्टिनोमायसिनची हकीकत तर फारच झटपट घडली. दक्षिण कोरियातल्या अमेरिकी सैनिकांना १९८१ पासून तेच मुख्य औषध म्हणून देऊ लागले आणि १९८५ मध्ये त्यांच्यापैकी ८.२ टक्क्यांवर ते फसलं. म्हणजे अवघ्या चार वर्षांत.

आता ‘विसरला नसेल का’ याबद्दल. कधीकधी जंतू खरोखर विसरतात. प्रतिरोध बाळगायला जंतूला जास्त मेहनत पडत असेल, तर औषध थांबल्यावर साधे जंतू पुन्हा पुढे जातात. या जंतूच्या बाबतीत ती मेहनत बरेचदा अगदी थोडी असते. सिप्रोफ्लॉक्सासिनचा प्रतिरोध देणाऱ्या एका बदलामुळे तर उंदरांवरच्या प्रयोगात जंतू जास्तच टिकाऊ ठरला. असा बदल तो कशासाठी टाकून देईल?

शिवाय औषध थांबलं असं आपण म्हणतो, पण ते थांबलेलं नसतं. परम्याला दिलं नाही तरी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं घसा, कान, दात, जखमा अशा सगळ्यांसाठी चालूच आहेत. अझिथ्रोमायसिनचंही तसंच. २०१९ मधल्या आपल्या देशातल्या खासगी विक्रीचा अभ्यास झाला, त्यात सर्वांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी निघालं. खोकल्यासाठी घेतलेली ती गोळी घशात गुपचूप बसलेल्या परम्याच्या जंतूलाही भेटते. घशातला परमा बहुतेक वेळा काही लक्षणच दाखवत नाही. तिथे याच कुळातले, एरवी निरुपद्रवी असलेले इतर जंतू राहतात आणि मेलेल्या शेजाऱ्याचा डीएनए उचलून आपल्यात बसवण्याची परम्याच्या जंतूला उपजत सवय आहे. सेफिक्झिम आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या औषधांना तोंड देणाऱ्या जनुकाचे तुकडे त्याने असेच शेजाऱ्यांकडून उचललेले आहेत.

ही दोन औषधं आज आपल्या हातात उरलेली. त्यातली सेफिक्झिम गोळी आहे, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुई. सेफिक्झिम कमजोर पडू लागलं म्हणून अमेरिकेने २०१२ मध्ये ते पहिल्या पसंतीच्या जागेवरून काढलं. २००९ मध्ये जपानात क्योटोला एका स्त्रीच्या घशातून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा जंतू मिळाला. तो प्रकार फारसा पसरला नाही, म्हणून जगाला थोडी उसंत मिळाली. २०१५ मध्ये जपानातच दुसरा सापडला आणि त्याचे भाऊबंद पुढच्या काही वर्षांत डेन्मार्क, कॅनडा, ऑस्ट्रेलियापर्यंत दिसले. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या एका रुग्णात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिन दोन्हींना न जुमानणारा जंतू सापडला. त्या रुग्णाला संसर्ग आग्नेय आशियात झाला होता. शेवटी एर्टापेनेम हे रुग्णालयात गंभीर आजारांसाठी राखून ठेवलेलं औषध शिरेतून द्यावं लागलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या ताज्या आकड्यांनी मी खरोखर धास्तावले आहे: देखरेखीतल्या देशांत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा प्रतिरोध २०२२ मध्ये ०.८ टक्के होता, २०२४ मध्ये ५ टक्के. सेफिक्झिमचा १.७ वरून ११. कंबोडिया आणि व्हिएतनाममध्ये सर्वांत जास्त. एखाद्या औषधाचा प्रतिरोध ५ टक्क्यांच्या पुढे गेला की ते सरसकट देणं थांबवावं असा रिवाज आहे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात लक्षण पाहून औषधांचं जे तयार पाकीट देतात, त्यात मुख्य भर सेफिक्झिमवर आहे, हे ध्यानात घ्या.

काका, पेनिसिलिन सरसकट पुन्हा सुरू करता येणार नाही. पण तुमच्या प्रश्नातला गाभा खरा आहे, जुनं औषध कायमचं मेलेलं नसतं. इंग्लंडमध्ये जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देतो असा रिपोर्ट हातात असेल, तर तीच स्वस्त गोळी आजही देतात. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रतिरोधक जंतू साधारण ३५ टक्के होते, म्हणजे बाकीच्यांना ती चालली असती. तपासून दिलं तर जुनी औषधं पुन्हा उपयोगी येतात आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनवरचा भार हलका होतो. आपल्याकडे अशी तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा फार थोड्या आहेत. लक्षण पाहून पाकीट देण्याच्या पद्धतीने लाखो लोकांना लगेच उपचार मिळाले, त्या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. पण त्यात जंतू कुणी वाढवतच नाही, मग तो कसा बदलतो आहे हे कळणार कुठून? प्रत्येक जिल्ह्यात नाही तर निदान प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात या जंतूचं कल्चर झालंच पाहिजे, असं मी अनेक बैठकांत मांडलं आहे आणि इथेही मांडते.

नवी औषधं येत आहेत. झोलिफ्लोडासिन हे एका वेळी घ्यायचं तोंडावाटेचं औषध पाच देशांतल्या ९३० जणांवर तपासलं गेलं. ते आणि जेपोटिडासिन, या दोघांनाही डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत परम्यासाठी मान्यता मिळाली. मला आनंद आहे. पण तीही मेडिकलमधून सुटी मिळू लागली, तर त्यांचं आयुष्य किती असेल ते स्पेक्टिनोमायसिनच्या चार वर्षांवरून समजावं.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातून लिहिते आहे. माझे मिस्टर सरकारी दवाखान्यात गेले होते. त्यांना करड्या रंगाचं पाकीट दिलं आणि मलाही तसंच घ्यायला सांगितलं. मला काहीच त्रास नाही. मी चौथ्या महिन्यात आहे. औषध घेऊ का? आणि हा रोग त्यांना आत्ताच बाहेरून आला असा याचा अर्थ होतो का?

उत्तर : ताई, औषध घ्यायला हवं, पण आधी दवाखान्यात स्वतः जा आणि दिवस गेले आहेत हे डॉक्टरांना सांगा. त्या पाकिटात सेफिक्झिमची एक आणि अझिथ्रोमायसिनची एक मात्रा असते. ही दोन्ही औषधं गरोदरपणातही दिली जातात. कशाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. आणि फक्त पाकीट घेऊन परतू नका, तपासणी करून घ्या, एचआयव्ही आणि गरमीचीही (सिफिलिस). गरोदर बाईची ही तपासणी तशीही करायचीच असते.

त्रास नाही यावर विसंबू नका. परमा झालेल्या बायकांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त जणींना काहीच जाणवत नाही. जंतू गर्भाशयाच्या तोंडाशी शांत बसतो, पुढे वर सरकला तर नळ्यांना सूज येते आणि नंतर मूल राहणं अवघड होऊ शकतं. बाळंतपणात तो बाळाच्या डोळ्यांत जातो. लाइपझिगच्या क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी १८८० मध्ये नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली ती याच जंतूमुळे, तोवर कित्येक मुलं जन्मल्यावर लवकरच आंधळी होत होती. तुम्हाला अजून पुष्कळ अवधी आहे. आत्ता उपचार झाले आणि नंतरची तपासणी स्वच्छ आली, तर बाळाला याचं भय नाही.

दोघांनी औषध घेतल्यावर निदान सात दिवस संबंध ठेवू नका. दोघांपैकी एकानेच घेतलं तर जंतू परत येतो, मग औषध हरलं असं वाटतं आणि विनाकारण आणखी तीव्र औषध दिलं जातं.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला जे सांगता येतं तेवढंच सांगते. मोठ्या माणसाला हा जंतू लैंगिक संबंधातूनच येतो, शौचालयातून किंवा टॉवेलमधून नाही. तो कधी आला आणि कुणाकडून आला, हे कोणत्याही तपासणीत ठरत नाही. लक्षणांशिवाय तो बराच काळ राहू शकतो. पुढचं बोलणं तुमचं आणि त्यांचं आहे. सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशक असतात, तुम्ही एकट्याही त्यांच्याशी बोलू शकता आणि तुमचं बोलणं गुप्त राहतं. घरात मारझोड किंवा धमकी होत असेल तर तेही त्यांना सांगा.

प्रश्न : परभणी जिल्ह्यात माझं मेडिकल स्टोअर आहे. रात्री उशिरा तरुण मुलं येतात, हळू आवाजात त्रास सांगतात आणि गोळी मागतात. डॉक्टरकडे जायला लाजतात. मी नाही दिली तर पुढच्या दुकानात जातात. मी काय करावं?

उत्तर : तुम्ही हा प्रश्न विचारलात याचं मला मनापासून समाधान वाटलं. कायद्याचं तुम्हाला ठाऊक आहे: सेफिक्झिम आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, २०१४ पासून. चिठ्ठीशिवाय देता येत नाही, डॉक्टरचं आणि रोग्याचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. अझिथ्रोमायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनही चिठ्ठीचीच औषधं.

मुलगा पुढच्या दुकानात जाईल हे खरं आहे. पण तो आधी तुमच्याकडे आला आहे आणि बहुधा ही गोष्ट त्याने आणखी कुणालाही सांगितलेली नाही. त्याला बाजूला घ्या. १०९७ हा नंबर आणि जवळच्या सुरक्षा क्लिनिकचा वार-वेळ एका चिठोऱ्यावर लिहून काउंटरखाली तयार ठेवा, म्हणजे बोलायला संकोच वाटला तरी हातात देता येईल. तिथे पैसे लागत नाहीत हे आवर्जून सांगा, कारण बरेच जण खर्चाच्या भीतीनेच दुकानात येतात. आधी कुठली गोळी घेतली असेल तर तिचं नाव त्याच चिठोऱ्यावर लिहून द्या. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला त्या एका नावाचा फार उपयोग होतो. वृषणात दुखत असेल, ताप असेल किंवा सांधा सुजला असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जायला सांगा.

जिल्ह्याच्या केमिस्ट संघटनेची बैठक झाली तर हा विषय तिथे घ्या. सगळ्या दुकानांनी एकच चिठोरं ठेवलं तर पुढचं दुकान हा प्रश्न उरत नाही. मजकूर हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी लिहून देईन.